श्वास, हवा आणि ऋतू : डॉ. संदीप साळवी यांच्या दमाविषयक संशोधनाची चिकित्सा
(विशेष संदर्भ : मनीषनगर, नागपूर)

सारांश

दमा आणि ऋतुमानानुसार उद्भवणारी अ‍ॅलर्जी हे भारतीय समाजातील अत्यंत परिचित, तथापि अपुऱ्या प्रमाणात अभ्यासले गेलेले विकार होत. पुण्याचे श्वसनविकारतज्ज्ञ डॉ. संदीप साळवी यांनी या क्षेत्रात गेल्या अडीच दशकांत केलेले संशोधन आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्यता पावले आहे. त्यांच्या निवडक शोधकार्याचे मूल्यमापन करणे आणि नागपूरसारख्या अंतर्भागातील शहराच्या, विशेषतः मनीषनगरसारख्या वाढत्या उपनगराच्या संदर्भात त्याच्या उपयुक्ततेची व मर्यादांची चर्चा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. या संशोधनाने 'धूर' हा घटक ठामपणे प्रस्थापित केला, परंतु 'ऋतू' हा घटक तितक्या बारकाईने मोजला गेला नाही, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : दमा, अ‍ॅलर्जी, परागकण, ऋतुसंधी, हवा-प्रदूषण, निदान.

प्रस्तावना

श्वासाचा विकार आणि ऋतू यांचा संबंध भारतीय वैद्यकाला नवा नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात तमकश्वासाचे वर्णन करताना ढगाळ हवा, पाऊस, थंडी आणि पूर्वेकडील वारा यांनी हा विकार वाढतो असे सांगितले आहे. आयुर्वेदातील 'ऋतुसंधी' ही संकल्पनादेखील एका ऋतूचा शेवटचा आणि दुसऱ्या ऋतूचा पहिला आठवडा अशा चौदा दिवसांकडे लक्ष वेधते. लोकव्यवहारातही हीच जाणीव दिसते. मृग नक्षत्राच्या सुमारास हैदराबादेत दिल्या जाणाऱ्या माशाच्या औषधासाठी दूरदूरचे दमेकरी रांगा लावतात. कोजागरीच्या रात्री खिरीतून दम्याचे औषध घेण्याची प्रथाही अनेक ठिकाणी आहे. या उपचारांच्या गुणकारीपणाला शास्त्रीय आधार मिळालेला नाही. मात्र त्यांच्या तिथी लक्षणीय आहेत. पावसाळ्याचा आरंभ आणि पावसाळ्याचा शेवट या दोन्ही वेळा दमेकऱ्याच्या दृष्टीने कसोटीच्या असतात, हे समाजाने फार पूर्वीच हेरले होते.

पाश्चात्त्य वैद्यकातही या विषयाचा आरंभ ऋतूपासूनच झाला. लंडनचे डॉक्टर जॉन बोस्टॉक यांनी १८१९ साली उन्हाळ्यात स्वतःला होणाऱ्या शिंका व डोळ्यांच्या जळजळीचे वर्णन केले. मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा त्रास गवताच्या परागकणांमुळे होतो हे प्रयोगांनी दाखवून दिले. त्यासाठी त्यांनी पतंगाला चिकट काचपट्ट्या लावून उंचावरच्या हवेतील परागकण मोजले होते. रुग्ण तपासण्याबरोबरच हवाही तपासली पाहिजे, हा या शास्त्राचा पहिला धडा होय. डॉ. साळवी यांच्या कार्याची चिकित्सा करताना हाच निकष प्रमाण मानला आहे.

शोधकार्याची पार्श्वभूमी

डॉ. साळवी यांनी इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथे संशोधन केले. २००२ साली पुण्यात सुरू झालेल्या चेस्ट रिसर्च फाउंडेशन या संस्थेचे ते दीर्घकाळ संचालक होते. पुढे त्यांनी प्युअर फाउंडेशन या संस्थेमार्फत आपले काम चालू ठेवले. त्यांच्या संशोधनाचे स्थूलमानाने तीन टप्पे पाडता येतात. पहिला प्रयोगशाळेतील, दुसरा लोकसंख्येच्या पातळीवरील आणि तिसरा लोकशिक्षणाचा. हे तिन्ही टप्पे परस्परांशी निगडित असले तरी त्यांची प्रमाणता सारखी नाही. म्हणून त्यांचा स्वतंत्र विचार करणे आवश्यक ठरते.

पहिला टप्पा : डिझेलचा धूर आणि श्वासनलिका

१९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात पंधरा निरोगी स्वयंसेवकांना नियंत्रित परिस्थितीत एक तास डिझेलचा विरळ केलेला धूर देण्यात आला आणि सहा तासांनंतर त्यांच्या श्वासनलिकांची तपासणी करण्यात आली. फुप्फुसाच्या कार्यक्षमतेच्या नेहमीच्या चाचण्यांत काहीही फरक आढळला नाही. श्वासनलिकेच्या आतील आवरणात मात्र न्यूट्रोफिल, मास्ट आणि लिम्फोसाइट या पेशींची संख्या वाढलेली दिसली. रक्तातही न्यूट्रोफिल व प्लेटलेट यांची वाढ नोंदली गेली.

या निष्कर्षाचे महत्त्व असे की, फुंकर मारण्याच्या चाचणीत माणूस निरोगी ठरत असतानाच त्याच्या श्वासनलिकेत दाह सुरू झालेला असू शकतो. मास्ट पेशी ही अ‍ॅलर्जीच्या प्रक्रियेतील एक मध्यवर्ती पेशी असल्याने, धूर व अ‍ॅलर्जी हे दोन वेगळे विषय नसून एकाच विषयाची दोन अंगे असावीत, असा अर्थही यातून सूचित होतो. अर्थात, या प्रयोगाच्या मर्यादा स्पष्ट आहेत. स्वयंसेवक मोजके आणि निरोगी होते, धूर एकाच प्रकारचा होता व संपर्क एकाच तासाचा होता. रोज तासन्‌तास धूर, धूळ आणि परागकण एकत्रितपणे घेणाऱ्या शरीराबद्दल या प्रयोगावरून थेट विधान करता येत नाही. तरीही प्रश्न अचूक विचारला गेला होता, हे मान्य केले पाहिजे.

दुसरा टप्पा : लोकसंख्येचा अभ्यास

२००९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात पीटर बार्न्स यांच्यासह लिहिलेल्या समीक्षालेखात डॉ. साळवी यांनी धूम्रपान न करणाऱ्यांना होणाऱ्या दीर्घकालीन श्वासरोधाकडे लक्ष वेधले. जगात धूम्रपान करणारे सुमारे एक अब्ज आहेत, परंतु लाकूड, गोवऱ्या, काटक्या यांच्या धुराशी संबंध येणारे सुमारे तीन अब्ज आहेत, ही त्यांची मांडणी प्रभावी ठरली. तोपर्यंत या आजाराची जबाबदारी रुग्णाच्या व्यसनावर टाकली जात असे. या लेखाने ती चुलीकडे, म्हणजेच दारिद्र्याकडे आणि स्त्रीच्या श्रमाकडे वळवली. विदर्भातील खेड्यांत चुलीपुढे आयुष्य गेलेल्या, कधीही विडी न ओढलेल्या स्त्रीच्या खोकल्याला यामुळे वैद्यकाच्या भाषेत स्थान मिळाले. समाजशास्त्रीय दृष्टीने हे योगदान विशेष मोलाचे आहे.

२०१५ साली प्रसिद्ध झालेले सर्वेक्षण अधिक व्यापक होते. १ फेब्रुवारी २०११ या एकाच दिवशी देशातील ८८० शहरे व गावांतील खासगी व प्राथमिक स्तरावरील डॉक्टरांकडे आलेल्या २,०४,९१२ रुग्णांच्या तक्रारी त्यात नोंदवल्या गेल्या. त्यांपैकी निम्म्याहून किंचित अधिक रुग्णांना श्वसनविषयक तक्रार होती. भारतीय रुग्ण डॉक्टरकडे नेमका कशासाठी जातो, याचे इतके मोठे चित्र त्यापूर्वी उपलब्ध नव्हते. वैद्यकीय अभ्यासक्रमात श्वसनविकारांना किती स्थान असावे, याचा विचार या आकड्यावरून होणे क्रमप्राप्त होते.

येथेच एक मूलभूत आक्षेप नोंदवावा लागतो. ऋतूनुसार बदलणाऱ्या विकाराचे चित्र एका दिवसात टिपता येत नाही. १ फेब्रुवारी हा नागपुरात थंडी ओसरत असतानाचा दिवस असतो. आंब्याला मोहर आलेला असतो, पळस फुलण्याच्या बेतात असतो, कूलर अजून माळ्यावरच असतात आणि पावसाळी बुरशीचा काळ तर दूरच असतो. हाच अभ्यास जुलैत किंवा ऑक्टोबरच्या अखेरीस झाला असता तर श्वसनविकारांचे प्रमाण वाढले असते की घटले असते, हे सांगता येत नाही. अभ्यासकांनी वर्षभराच्या प्रमाणाचा दावा केलेला नाही, हे खरे. परंतु पुढे असे आकडे उद्धृत होताना तारीख गळून पडते आणि आकडा तेवढा उरतो. हा दोष संशोधकापेक्षा वाचकाचा अधिक आहे, तथापि तो दोष आहेच.

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या राज्यनिहाय रोगभाराच्या अभ्यासानुसार २०१६ साली भारतात दम्याचे सुमारे ३ कोटी ७९ लाख आणि दीर्घकालीन श्वासरोधाचे सुमारे ५ कोटी ५३ लाख रुग्ण होते. जगाच्या लोकसंख्येत भारताचा वाटा १८ टक्के, पण दीर्घकालीन श्वसनविकारांमुळे वाया जाणाऱ्या निरोगी आयुष्यवर्षांत तो ३२ टक्के आहे, असे या अभ्यासात दिसून आले. रुग्णांच्या वाट्यापेक्षा हानीचा वाटा इतका मोठा का, याचे एक उत्तर २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, डॉ. साळवी यांचाही सहभाग असलेल्या ग्लोबल अस्थमा नेटवर्कच्या अभ्यासात मिळते. पुण्यासह नऊ केंद्रांतील मुले व त्यांचे पालक यांच्या या पाहणीत छातीतून घरघर आवाज येणाऱ्यांपैकी ८२ टक्के व्यक्तींना 'दमा' असे निदान मिळालेलेच नव्हते. तीव्र दम्याची लक्षणे असणाऱ्यांतही ७० टक्के निदानाविना होते. दररोज घ्यावयाच्या प्रतिबंधक इनहेलरचा वापर अत्यल्प आढळला.

प्रस्तुत लेखात विचारात घेतलेल्या सर्व कार्यांत हा निष्कर्ष सर्वाधिक महत्त्वाचा मानावा लागेल. कारण तो हवेबद्दल नसून शब्दाबद्दल आहे. आपल्याकडे 'दमा' हा शब्द उच्चारण्यास डॉक्टर कचरतात आणि ऐकण्यास पालक तयार नसतात. 'बाळदमा', 'अ‍ॅलर्जीची सर्दी', 'कफ होणे', 'छाती भरणे' अशा सौम्य शब्दांचा आश्रय घेतला जातो. मुलगी असल्यास पुढे तिच्या लग्नाचे काय, ही चिंता असते. 'पंपाची सवय लागते' हा समज तर सुशिक्षित कुटुंबांतही दृढ आहे. परिणामी मूल दर ऋतुबदलाला खोकल्याचे औषध व प्रतिजैविके घेत राहते आणि दाह मात्र तसाच राहतो.

या प्रकारच्या पाहणीची पद्धतविषयक मर्यादाही लक्षात घ्यावी लागते. ती प्रश्नावलीवर आधारलेली असते आणि प्रश्नावली भाषेवर. इंग्रजीत छातीतील या आवाजाला एकच रूढ शब्द आहे. मराठीत मात्र कोणी 'घरघर' म्हणतो, कोणी 'शिट्टी वाजते' म्हणतो, तर विदर्भात 'दम लागते' एवढ्यावर वर्णन संपते. 'दम लागणे' हे जिना चढल्यावरही होते आणि रक्तक्षयातही होते. भाषांतराची ही अडचण टाळण्यासाठीच बालकांमधील दमा व अ‍ॅलर्जी यांच्या पूर्वीच्या आंतरराष्ट्रीय पाहणीत दृश्य प्रश्नावलीही तयार करण्यात आली होती. त्या पाहणीत विदर्भातील अकोला, तसेच पुणे, मुंबई व गोव्यातील ओर्ली ही केंद्रे होती. नंतरच्या नऊ केंद्रांत मात्र विदर्भाला स्थान नव्हते. कोणत्या शब्दाने किती रुग्ण सापडतात, हा वैद्यकाइतकाच भाषाशास्त्राचाही प्रश्न आहे.

तिसरा टप्पा : लोकशिक्षण आणि सिगारेटची उपमा

डॉ. साळवी यांनी आपले निष्कर्ष नियतकालिकांपुरते मर्यादित ठेवले नाहीत. दिवाळीच्या फटाक्यांतून निघणाऱ्या सूक्ष्म कणांचे मोजमाप पुण्यात करण्यात आले, तेव्हा लहान मुलांसाठी निर्धोक समजली जाणारी 'सापाची गोळी' तपासलेल्या फटाक्यांत सर्वाधिक कण सोडते असे निष्पन्न झाले. डासांच्या कॉइलचा धूर अनेक सिगारेटींइतका असतो, हे विधानही त्यांनी सातत्याने मांडले. त्याला २००३ सालच्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाचा आधार आहे. त्या अभ्यासानुसार एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात.

अशा तुलनेचे सामर्थ्य उघड आहे. सामान्य माणसाला घनमीटरमागे मायक्रोग्रॅम कळत नाही, सिगारेट कळते. परंतु तुलना ही सिद्धता नव्हे. येथे समानता आहे ती कणांच्या वजनाची, विषारीपणाची नाही. सिगारेटचा धूर थेट फुप्फुसात ओढला जातो, तर कॉइलचा धूर खोलीभर पसरतो. शिवाय डेंग्यू व मलेरिया असलेल्या शहरात कॉइल विझवणाऱ्या कुटुंबाला दुसरा उपाय सांगितला गेला नाही, तर भीती तेवढी शिल्लक राहते. लोकशिक्षणात उपमा आवश्यकच आहे. मात्र तिच्या मर्यादाही त्याच दमात सांगितल्या जाव्यात, अशी अपेक्षा करणे अवाजवी ठरणार नाही.

मनीषनगरच्या संदर्भात

नागपूरच्या दक्षिणेस, वर्धा मार्गालगत आणि रेल्वेमार्गाच्या पलीकडे वाढलेले मनीषनगर हे मध्यमवर्गीय उपनगर आहे. ले-आउट पडतात, घरे व सदनिका उभ्या राहतात आणि अधेमधे मोकळे भूखंड वर्षानुवर्षे पडून राहतात. येथील सामान्य घरात चूल नाही. घरातील माणूस बहुधा धूम्रपानही करीत नाही. म्हणजे २००९ सालच्या मांडणीतील प्रमुख कारण येथे लागू पडत नाही. तरीही मुलांना ऋतू बदलला की शिंका येतात, रात्री खोकला येतो, छाती वाजते. याचे स्पष्टीकरण कोठे शोधावयाचे?

पहिला घटक म्हणजे बांधकामाची व रस्त्याची धूळ आणि वाहनांचा धूर. १९९९ सालचा प्रयोग येथे मार्गदर्शक ठरतो. दुसरा घटक मोकळ्या भूखंडांवरील गाजरगवत होय. १९५०च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदले गेलेले हे तण पुढे देशभर पसरले. त्यामुळे होणारा त्वचादाह १९७४ सालीच पुण्याचे डॉ. लोणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी वैद्यकीय साहित्यात नोंदवला. त्याच्या परागकणांमुळे होणाऱ्या नासिकादाहाचा अभ्यास १९९०च्या दशकाच्या आरंभी बंगळुरूत झाला. पावसाबरोबर वाढणारे व पावसानंतर फुलोऱ्यात असणारे हे गवत आणि त्याच काळात येणारी दिवाळी, म्हणजेच परागकण आणि धूर, एकाच महिन्यात एकत्र येतात. या संयोगाचा विचार ना केवळ धुराच्या अभ्यासात होतो, ना केवळ परागकणांच्या.

तिसरा घटक नागपूरचा स्वतःचा म्हणता येईल, तो म्हणजे कूलर. पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या या शहरात मार्च ते जून हे महिने वाळ्याच्या किंवा लाकडी भुश्श्याच्या ओल्या ताट्यांतून येणाऱ्या हवेवर निघतात. बाहेरची हवा कोरडी असल्याने एरवी घरात धुळीतील सूक्ष्म माइट किड्यांना आवश्यक असलेली आर्द्रता मिळाली नसती. कूलर ती पुरवतो. अमेरिकेतील कोलोरॅडो या कोरड्या प्रांतात १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा प्रकारचे शीतक वापरणाऱ्या घरांत माइटचे अ‍ॅलर्जीकारक द्रव्य अधिक प्रमाणात आढळले होते. नागपूरच्या घरातही तसेच घडत असावे, असे मानण्यास जागा आहे. मात्र अनुमान म्हणजे मोजमाप नव्हे. गतवर्षीच्याच ताट्या झटकून पुन्हा लावल्या जातात, तेव्हा त्यांतून काय उडते, याचे उत्तर कोलोरॅडोतून येणार नाही.

न जुळलेल्या दोन परंपरा

महाराष्ट्रात हवेतील जैविक कणांचा अभ्यास नव्हता असे नाही. मराठवाड्यातील वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. टिळक यांनी आर. एल. कुलकर्णी यांच्यासह १९७० साली हवेचे नमुने घेणारे नवे उपकरण प्रसिद्ध केले. सलग आठ दिवस नमुने घेणारे हे 'टिळक एअर सॅम्पलर' पुढे देशातील अनेक महाविद्यालयांत वापरले गेले. परागकण व बुरशीचे बीजाणू मोजण्याची एक चांगली परंपरा त्यातून निर्माण झाली. परंतु हे काम बहुतांशी वनस्पतिशास्त्राच्या प्रबंधांत राहिले. वनस्पतिशास्त्रज्ञाने हवा मोजली, पण त्याच्याजवळ रुग्ण नव्हता. वैद्याने रुग्ण मोजला, पण त्याच्याजवळ त्या आठवड्याची हवा नव्हती. डॉ. साळवी यांच्या कार्यातील उणीव म्हणून जे वर नोंदवले, ते वस्तुतः या दोन परंपरांमधील अंतराचे फलित आहे. एकट्या संशोधकाकडे त्याचा दोष देणे अन्यायाचे होईल.

हे अंतर किती महागात पडू शकते, याचे उदाहरण मेलबर्न शहराने दिले आहे. २१ नोव्हेंबर २०१६ रोजी गवताच्या फुलोऱ्याच्या काळात तेथे वादळ झाले आणि काही तासांत हजारो लोकांना श्वास घेणे कठीण झाले. दहा जणांचे मृत्यू या घटनेशी जोडले गेले. अनेक रुग्णांना पूर्वी दम्याचे निदान झालेलेच नव्हते. त्यानंतर त्या राज्याने परागकणांची मोजणी व हवामानाचा अंदाज यांची सांगड घालून पूर्वसूचना देणारी व्यवस्था उभारली. निदानाविना राहिलेले ८२ टक्के हा आकडा या घटनेच्या प्रकाशात वाचला, तर त्याचे गांभीर्य अधिक स्पष्ट होते.

नागपुरात ही सांगड घालणे अवघड नाही. पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था 'नीरी' १९५८ पासून याच शहरात, वर्धा मार्गावर आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, २०१८ पासून 'एम्स' आहे आणि सूक्ष्मदर्शक असलेला वनस्पतिशास्त्र विभाग तर बहुतेक विज्ञान महाविद्यालयांत आहे. एखाद्या महाविद्यालयाच्या गच्चीवर वर्षभर नमुने घेऊन परिसरातील परागकण व बीजाणूंची दिनदर्शिका तयार करणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील काम आहे. मराठी विभागाने प्रश्नावलीची भाषा तपासावी, भूगोल विभागाने मोकळ्या भूखंडांचा नकाशा करावा, हेही शक्य आहे. अशी दिनदर्शिका हाती असेल, तर दम्याच्या मुलाचे प्रतिबंधक औषध अनियमित होऊ नये यासाठी कोणत्या आठवड्यांत विशेष दक्षता घ्यावी, हे डॉक्टरला आधीच सांगता येईल. आज ते रात्री धाप लागल्यानंतर समजते.

निष्कर्ष

१. डॉ. साळवी यांच्या संशोधनाने श्वसनविकारांची चर्चा रुग्णाच्या सवयींकडून त्याच्या भोवतालच्या हवेकडे वळवली. हे त्यांचे प्रमुख योगदान होय.

२. निदानाअभावी राहणाऱ्या रुग्णांचे मोठे प्रमाण दाखवून देणे हे या कार्याचे सर्वांत उपयुक्त फलित आहे. त्याचा संबंध औषधांइतकाच भाषा व सामाजिक संकोच यांच्याशी आहे.

३. एकदिवसीय व प्रश्नावलीनिष्ठ पद्धतींमुळे ऋतूचा परिणाम या अभ्यासांत पुरेसा प्रकट होत नाही. त्यांचे आकडे वापरताना तारीख व स्थळ यांचा उल्लेख आवश्यक मानला पाहिजे.

४. मनीषनगरसारख्या परिसरात चुलीचा धूर हे प्रमुख कारण नसल्याने गाजरगवत, कूलर, बांधकामाची धूळ व दिवाळीचा धूर यांचा एकत्रित व स्थानिक अभ्यास होणे अगत्याचे आहे.

समारोप

कोणत्याही संशोधनाचे मोठेपण त्याने दिलेल्या उत्तरांइतकेच त्याने पुढे ठेवलेल्या प्रश्नांवर अवलंबून असते. डॉ. साळवी यांच्या कार्याने देशाच्या पातळीवरचे चित्र उभे केले. त्या चित्रात नागपूरचा उन्हाळा, विदर्भाचा पावसाळा आणि मनीषनगरच्या रिकाम्या भूखंडावरचे गवत भरण्याचे काम येथील महाविद्यालयांचे आहे. ब्लॅकली यांच्याजवळ दीडशे वर्षांपूर्वी एक पतंग आणि काही काचपट्ट्या होत्या. येथील महाविद्यालयांजवळ त्याहून कितीतरी अधिक साधने आहेत.